कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या फाउंड्रीसाठी (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यासाठी) स्वतःचं सॉफ्टवेअर बनवून घ्यावं, की टॅली-एक्सेलवरच भागवावं?

तुम्ही लिहिलंय: महिन्याला साधारण १२० टन कास्टिंग (ओतीव भाग), त्यांचं मशिनिंग (यंत्रावर कापून नेमक्या मापात आणणं) बाहेर सात-आठ जणांकडे, हिशेब टॅलीत, बाकी सगळं एक्सेलमध्ये आणि मेस्त्रींच्या डायरीत. पुण्याच्या एका कंपनीचं १४ लाखांचं कोटेशन आलंय, ओळखीतला एक मुलगा ३ लाखांत करतो म्हणतोय आणि वडील म्हणतात, कशाला पाहिजे हे.

मी शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत बारा-तेरा वर्षं हेच काम करतोय. माझं पोट यावरच आहे, तेव्हा माझं बोलणं त्या हिशेबानं घ्या.

वडील अर्धे बरोबर आहेत. हिशेब टॅलीतच राहू द्या. 'सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये' हे कोटेशनमध्ये छान दिसतं, पण जीएसटीचा नियम बदलला की टॅलीवाले सगळ्या गिऱ्हाइकांसाठी एकदाच बदल करतात. तुमच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये तोच बदल करायला माझ्यासारखा माणूस दर वेळी बिल लावतो. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस (प्रत्येक बिलाची सरकारी पोर्टलवर नोंद) लागू झालं (१२० टनाला तुम्ही त्यात आहातच), तेव्हा स्वतःचं बिलिंग लिहून घेतलेले दोन-तीन कारखानदार जुलैभर माझ्या मागे होते. शिवाय तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणी, कधी, काय बदललं याची बंद करता न येणारी नोंद राहावी लागते. ही जोखीम कशाला अंगावर घ्यायची?

पण वडिलांचं दुसरं अर्धं, म्हणजे 'टॅली आणि एक्सेल बास', ते भट्टीपासून चलनापर्यंतच्या (मालासोबत जाणाऱ्या पावतीपर्यंतच्या) भागात टिकत नाही.

साधं उदाहरण. कास्टिंग तुम्ही विकता किलोवर. मशिनिंगवाल्याकडे पाठवता नगावर, आणि त्याची मजुरीही नगावर. माल परत येतो तेव्हा नग तेवढेच, वजन कमी, कारण बोरिंग (कापून निघालेला धातूचा चुरा) तिकडेच राहिलं. ते बोरिंग कुणाचं, हा आणखी वेगळा वाद. आता तयार पॅकेजमध्ये किलो आणि नग दोन्ही ठेवता येतात, पण बहुतेक ठिकाणी ते ठरलेल्या गुणोत्तरावर चालतं: एक नग म्हणजे साडेआठ किलो. पॅटर्न (साचा उठवायचा नमुना) झिजला की तोच नग आठ किलो दोनशे भरतो. महिनाअखेरीला स्टॉक किलोत जुळतो तर नगात जुळत नाही, मग अकाउंटंट एक 'ॲडजस्टमेंट' टाकतो आणि ती ॲडजस्टमेंट वर्षभर वाढत जाते. तुमच्या एक्सेलमध्ये अशी एक ओळ असणार, शोधा.

आता खरी पैशाची गोष्ट, हीट नंबर, म्हणजे भट्टीतून एका वेळी वितळवून काढलेल्या धातूचा नंबर. चार वर्षांपूर्वी एका फाउंड्रीला गिऱ्हाइकाकडून डेबिट नोट (पैसे कापल्याचा कागद) आली. ४६ हाउसिंग (यंत्राची बाहेरची कवचं), मशिनिंग झाल्यावर ब्लो होल (वायूमुळं धातूत राहिलेल्या पोकळ्या) निघाले. म्हणजे कास्टिंगची किंमत गेलीच, वर त्यांच्याकडच्या मशिनिंगचा खर्चही फाउंड्रीच्या माथी. नगावर तारीख-पाळीचा कोड ओतलेला होता. मेल्टिंगचं रजिस्टर, मोल्डिंगचं (वाळूचे साचे करण्याचं) रजिस्टर आणि स्पेक्ट्रोचे (धातूत काय किती आहे ते तपासणाऱ्या मशीनचे) रिपोर्ट घेऊन क्वालिटीचा माणूस दोन दिवस बसला. निष्कर्ष काय, तर 'सँडमध्ये ओल असावी'. दर वेळी हाच निष्कर्ष असतो.

आम्ही तेव्हा तिथं फक्त हीटची नोंद बसवत होतो. त्या नोंदीत ते ४६ नग टाकून बघितले तर ३९ नग तीन हीटमधले, आणि तिन्ही हीट वेगवेगळ्या दिवशीच्या. धातूचं पृथक्करण ठीक, तापमान ठीक. मग जुन्या मेस्त्रींनी विचारलं, "कोअर कधीचे होते?" कोअर म्हणजे कास्टिंगच्या आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा. ते कधीचे, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. जुलै महिना होता. सीओटू कोअर (कार्बन डायऑक्साइड सोडून घट्ट केलेले) करून चार-चार दिवस रॅकवर पडलेले, पावसाळी हवेत ते ओल धरतात हे मेस्त्रींना माहीत होतं, पण कोअरच्या तारखेला कागदावर रकानाच नव्हता. आम्ही तो रकाना टाकला आणि ठरावीक दिवसांपेक्षा जुना कोअर मोल्डिंगला द्यायला घेतला की स्क्रीन लाल व्हायची व्यवस्था केली. काम अर्ध्या दिवसाचं. स्वतःचं सॉफ्टवेअर म्हणजे मी हेच समजतो: मेस्त्रींच्या डोक्यातला रकाना. तो पुण्याच्या कोटेशनच्या चाळीस पानांत नसतो, कारण त्यांनी मेस्त्रींना विचारलेलंच नसतं.

जॉबवर्क, म्हणजे आपला माल बाहेरच्याकडून मशिनिंग करून घेणं, हे दुसरं. तुमचा माल उद्यमनगरात कुणाच्या तरी लेथशेजारी कोपऱ्यात पडलाय, हे तुम्हालाही ठाऊक आहे. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला माल एका वर्षात परत यायला हवा (साचे, फिक्श्चर, टूल यांना ही मुदत नाही). नाही आला तर तो ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी विकला असं धरतात, मग कर आणि त्यावर व्याज. तुमच्या उलाढालीला आयटीसी-०४ (जॉबवर्कच्या मालाचं जीएसटीचं विवरण) सहा महिन्यांनी भरावं लागतं. ते भरायच्या आदल्या आठवड्यात तुमच्याकडे काय चालतं? आमच्याकडच्या बहुतेक ठिकाणी अकाउंटंट मशिनिंगवाल्याला फोन करतो, "तुझ्याकडं आमचं किती शिल्लक दाखवू?" हसू नका, हेच विचारतात.

गुंता होतो तो रिजेक्शनमध्ये. २०० नग गेले, १८१ तयार होऊन आले, ११ सीआर म्हणून परत, ५ एमआर, आणि ३ चा पत्ता नाही. सीआर म्हणजे दोष तुमच्या कास्टिंगचा, त्याची मजुरी द्यायची का आणि किती ऑपरेशनपर्यंतची, हा तुमचा आणि त्याचा तोंडी करार. एमआर म्हणजे दोष त्याचा, कास्टिंगचे पैसे त्याच्या बिलातून कापायचे. हा तोंडी करार प्रत्येक मशिनिंगवाल्याशी वेगळा. कुठल्याच तयार पॅकेजला तो माहीत असायचं कारण नाही. चलनावार, नगावार शिल्लक आणि सीआर-एमआरचा हिशेब एवढं एकच काम बनवून घेतलंत तरी पैसे वसूल होतील.

तिसरं रेट डिफरन्स. पिग आयर्न (कच्चं लोखंड) आणि स्क्रॅपचे भाव बदलले की गिऱ्हाईक तिमाहीनं मागच्या तारखेपासून दर बदलतं, आणि तीन महिन्यांच्या शेकडो बिलांवर फरक काढावा लागतो. हे एक्सेलमध्ये होतं. फक्त ज्या माणसाला ते एक्सेल येतं, तो रजेवर जाता कामा नये.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो, म्हणजे १४ लाखांच्या कोटेशनकडे कसं बघायचं ते कळेल. माझं पहिलं मोठं काम. चाळीसेक स्क्रीन लिहिल्या. मोल्डिंग शॉपच्या सुपरवायझरनं प्रत्येक बॉक्सची (वाळूच्या साच्याच्या चौकटीची) नोंद करायची, अकरा रकाने, त्यातले सात सक्तीचे. मालक खूश, डेमोला चहा-भजी झाली. दोन महिन्यांनी डेटा बघितला तर प्रत्येक बॉक्सची वाळूची ओल ३.५, रोज, तिन्ही पाळ्यांत. सुपरवायझरला विचारलं तर त्यांनी काही न बोलता दोन्ही हात माझ्यापुढे धरले. कोपरापर्यंत काळे. कीबोर्ड ऑफिसात, ते शॉपमध्ये. पाळी सुटल्यावर ऑफिसातला एक पोरगा त्यांच्या डायरीवरून काहीतरी भरत होता, आणि डायरीत नसलेलं स्वतःच्या मनानं.

ते सगळं टाकून दिलं. भट्टीजवळ प्लॅस्टिकच्या पिशवीत एक टॅब टांगला, बोटाच्या दुप्पट रुंदीची बटणं, तीनच गोष्टी: हीट नंबर, आयटम, किती बॉक्स ओतले. स्पेक्ट्रोचे आकडे त्या मशीनच्या कॉम्प्युटरवरून आपोआप येतात, ते कुणी टाइप करायचे नाहीत. वजन काट्यावरून. ते आजही चालतंय. तेव्हा कोटेशनमध्ये किती मॉड्यूल आहेत ते मोजू नका. तिसऱ्या पाळीतल्या माणसानं दिवसाला किती वेळा बोट लावायचं ते मोजा.

३ लाखवाल्या मुलाबद्दल. हुशार असेल, त्याला नाकारू नका, पण त्याला उद्या पुण्यात नोकरी लागेल हे धरून चाला. एका मशीन शॉपचं सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस परदेशी गेला, कोड त्याच्या लॅपटॉपवर, सर्व्हरचा पासवर्ड त्याच्याकडे; आम्हाला सगळं पहिल्यापासून लिहावं लागलं. इथं कायद्याची एक बाब बऱ्याच कारखानदारांना माहीत नसते. नोकरीतल्या माणसानं नोकरीचं काम म्हणून लिहिलेला कोड मालकाचा होतो, पण बाहेरच्याकडून लिहून घेतलेल्या कोडचा कॉपीराइट, पैसे तुम्ही दिले तरी, करारात वेगळं लिहिलं नसेल तर लिहिणाऱ्याकडेच राहतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच लागतं. मुदत लिहिली नाही तर ते ५ वर्षांचंच धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतं. तेव्हा 'कोड आमचा, कायमचा, सगळीकडे' असं एक वाक्य करारात वकिलाकडून घालून घ्या. पुण्याची कंपनी याला नाही म्हणेल, कारण तोच कोड ती दुसऱ्यालाही विकते. हरकत नाही, मग निदान तुमचा डेटा दर महिन्याला उघडता येईल अशा फाइलमध्ये तुमच्या हातात यायला हवा. पासवर्ड पाकिटात घालून तिजोरीत ठेवा. मी माझ्या गिऱ्हाइकांना हे स्वतःहून सांगतो आणि त्यातले निम्मे तरी ते पाकीट हरवतात.

मी तुमच्या जागी असतो तर दोघांनाही आज काहीच दिलं नसतं. आधी महिनाभर कागदावरच, पण नीट: हीट नंबर, कोअरची तारीख, जॉबवर्कचं चलन आणि परतीचे सीआर-एमआर. कागदावर जे कुणी भरत नाही ते स्क्रीनवरही भरणार नाही. मग फक्त जॉबवर्कचा भाग बनवून घ्या, पैसे टप्प्यानं द्या आणि शेवटचा टप्पा एका आयटीसी-०४ चे आकडे त्यातून निघाल्यावर. हीटचा भाग त्यानंतर. वार्षिक देखभाल आधीच ठरवा. मी किमतीच्या १८ टक्के घेतो, याहून फार कमी कुणी म्हणाला तर तो फोन उचलणार नाही असं समजा.

आणि वडिलांचं. ते रोज सकाळी पहिला प्रश्न कोणता विचारतात ते बघा. आमच्याकडच्या एका मालकांचा प्रश्न ठरलेला होता, "काल किती ओतलं आणि त्यातलं चांगलं किती निघालं?" उत्तर द्यायला तिघं लागायची आणि तिघांचे आकडे तीन. आम्ही बाकी काही करायच्या आधी ती एक ओळ रोज सकाळी त्यांच्या व्हॉट्सॲपवर जाईल एवढं केलं. सॉफ्टवेअरला त्यांचाही विरोध होता. आता आकडा यायला उशीर झाला तर साडेआठला मलाच फोन येतो.