ऊन-पाऊस सगळ्यांनाच सारखा, मग आदिवासींच्या तब्येतीलाच जास्त झळ का?

तुम्ही विचारलंय की हवामान बदलतंय ते सगळ्यांसाठीच, मग आदिवासींच्या आरोग्याचं वेगळं काय. ऊन सारखंच आहे हो. पण त्या उन्हात राबतं कोण?

मी नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-मोलगीकडच्या पाड्यांवर आरोग्याचं काम करतो, तेव्हा तिथलंच सांगतो. भिल्ल-पावरा घरांत उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, फोडी करून वाळत घालतात. त्या आमचुराच्या पैशावर पावसाळ्याचं तेल-मीठ, बियाणं, दवाखाना भागतो. फोडी पसरलेल्या असताना अवकाळी आला की आमचूर काळा पडतो, व्यापारी भाव पाडतो. मोहोरावरच गारा पडल्या तर कैरीच नाही. मग मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घ्यायची आणि दिवाळीनंतर अख्खं घर गुजरातेत ऊसतोडीला. लेकराची अंगणवाडी सुटते, लस चुकते. गरोदर बाईला अमृत आहार योजनेतलं गरम जेवण गावात मिळतं, फडात नाही. कुपोषणाच्या तक्त्यात काळ्या पडलेल्या आमचुराला रकाना नसतो; मी मात्र तिथूनच मोजायला लागतो.

दुसरं सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. या समाजांत त्याचं प्रमाण जास्त आहे. अंगातलं पाणी कमी झालं की रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं-सांधे असह्य ठणकतात. ज्या उन्हात तुमचं नुसतं डोकं दुखेल, त्यात त्याला भरती करावं लागू शकतं. आम्ही सांगतो, भरपूर पाणी पी, दुपारी सावलीत बस. उचल फिटेपर्यंत कोण बसू देतंय! केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान २०२३ पासून सुरू आहे, तपासण्या होतात, चांगलंच आहे. पण या आजारावरच्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या गावच्या दवाखान्यात आणि रुग्ण उसाच्या फडात, याला काय करायचं?

पावसाचं थोडक्यात. हवा एक अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणून येतो तो एकदम कोसळतो. झऱ्याचं पाणी गढुळतं, जुलाब सुरू होतात. नाले चढले की अडलेल्या बाईला बांबूच्या झोळीतून न्यायची वेळ येते. इथे मात्र सगळं खापर हवामानावर फोडू नका; रस्ता नाही हे काही पावसाने केलेलं नाही.

उपाय विचाराल तर आधी दोन कामं करा: आमचूर वाळवायला पाड्यावर छप्पर, आणि ऊसतोडीला निघताना लसीचं कार्ड व पुढच्या काही महिन्यांच्या गोळ्या हातात.