फिजिक्स झालेल्या मुलीला बायोफिजिक्स जमेल का?

प्रश्न : मुलगी एम.एस्सी. फिजिक्सला आहे. आता म्हणते, बायोफिजिक्समध्ये पीएच.डी. करून प्राध्यापक व्हायचंय. बायॉलॉजी तिने दहावीनंतर सोडलंय. निभेल का?
– एक आई, कोथरूड

उत्तर : ताई, दहावीनंतर मीही सोडलं होतं. बेडूक चिरायची भीती, दुसरं काही नाही! रामन यांचे विद्यार्थी जी. एन. रामचंद्रनसुद्धा फिजिक्सचेच, मद्रासला १९५४ साली त्यांनी कोलॅजेन या कातडी-हाडांतल्या प्रथिनाची तिपेडी रचना मांडली.

बायोफिजिक्स म्हणजे सजीवांचा फिजिक्सच्या पद्धतींनी अभ्यास. त्यातलं आमचं काम म्हणजे लेसरच्या चिमट्यात प्लास्टिकचा सूक्ष्म मणी धरायचा. त्याला चिकटलेलं किनेसिन हे प्रथिन पेशीतल्या नळीवरून ८-८ नॅनोमीटरची पावलं टाकतं. खाली रस्त्यावरून बस गेली तरी मणी किती सरकला याचा आलेख थरथरायचा, म्हणून प्रयोग रात्री दोननंतर. एका पहाटे स्क्रीनवर जिन्याच्या पायऱ्यांसारखा आलेख उमटला आणि मी डबा तसाच विसरून घरी गेलो. चार दिवसांनी तो उघडला, ते असो.

आता व्यवहार. पीएच.डी.च्या प्रवेशासाठी नेट किंवा गेट ही परीक्षा द्यावी लागेल. पीएच.डी.ची पाच-सहा वर्षं, मग बहुधा परदेशात पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम. कायम नोकरी मिळेपर्यंत मला पस्तिसावं लागलं. लग्नाच्या बैठकीत ‘अजून शिकतोच आहे?’ हे पुष्कळदा ऐकलं. प्राध्यापकांच्या जागा कमी आणि भरती रखडते, हे तिला आधीच सांगा.

उन्हाळ्यात दोन महिने पुण्यातल्या आयसर किंवा एनसीसीएस या संशोधन संस्थांमध्ये प्रोजेक्ट मिळतो का, ते तिने स्वतः ईमेल लिहून विचारावं. तुम्ही लिहू नका.