अख्खा मासा भाजताना : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात भूमध्य सागराच्या काठावर ‘सी बास’ हा मासा डोक्याशेपटीसकट ओव्हनमध्ये कसा भाजतात, याविषयी या सदरात थोडे लिहिले होते. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राला सर्वांत जास्त जागा दिली आहे, कारण त्यात सांगितलेली फसगत अनेक घरांत होते आणि ती सहज टाळता येते.

प्रश्न (पुणे) : इटलीच्या सहलीत आम्ही जेनोवाजवळ ‘ब्रान्झिनो’, म्हणजे तुम्ही लिहिलेला सी बास, खाल्ला. बटाट्याच्या चकत्यांवर ठेवून भाजलेला, पोटात हिरव्या काड्या, वरून फक्त तेल आणि लिंबू. घरी आल्यावर मी सव्वा किलोचा जिताडा आणला, नेहमीप्रमाणे हळद, मीठ आणि लिंबाचा रस चोळून तासभर फ्रीजमध्ये ठेवला आणि १८० अंशांवर ४५ मिनिटे भाजला. कातडी ट्रेला चिकटून फाटली, शेपटीकडचा भाग कोरडा पडला आणि मानेजवळ काट्याला लागून मांस गुलाबी, कच्चेच राहिले. माझे काय चुकले?

उत्तर : पहिली गोष्ट वजनाची. जेनोवाच्या किनाऱ्यावर तुमच्यापुढे आलेला मासा बहुधा ४०० ते ६०० ग्रॅमचा असणार. ग्रीस, तुर्कस्तान, इटली येथे समुद्रातील जाळीच्या पिंजऱ्यांत हा मासा वाढवतात आणि एका ताटात मावेल एवढा झाला की तो बाजारात आणतात. त्याची जाडी जेमतेम चार-साडेचार सेंटीमीटर असते. तुमचा जिताडा खांद्यापाशी त्याच्या दीडपट तरी जाड असला पाहिजे, आणि उष्णता आत पोहोचायला लागणारा वेळ जाडीच्या प्रमाणात न वाढता त्याहून पुष्कळ जास्त वाढतो. म्हणून मान शिजेपर्यंत शेपटी वाळून जाते. यावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे एका मोठ्या माशाऐवजी पाचशे-सहाशे ग्रॅमचे दोन मासे घ्यावेत. मोठाच मिळाला, तर खांद्याच्या जाड भागावर दोन्ही बाजूंनी काट्याला टेकतील अशा तीन तिरप्या चिरा द्याव्यात आणि शेपटीचा शेवटचा भाग फॉइलमध्ये गुंडाळावा.

दुसरी गोष्ट लिंबाची. हळद, मीठ आणि आंबट लावून मासा मुरवणे ही आपली जुनी आणि योग्य रीत आहे, पण ती तुकडीसाठी आणि तव्यासाठी आहे. तेथे वरून रवा किंवा तांदळाचे पीठ लागते, ते सुटलेले पाणी शोषून घेते आणि कुरकुरीत कवच तयार होते. ओव्हनमधल्या अख्ख्या माशाला असे कवच नसते, त्याची कातडी हेच त्याचे कवच. तासभर लिंबाच्या रसात राहिलेल्या माशाचे वरचे मांस आंबटाने आधीच पांढरे आणि घट्ट होते, त्यातून पाणी सुटते आणि कातडी ओली राहते. ओली कातडी भाजली जात नाही. तिच्यातले पाणी उडून जाईपर्यंत ती उकडत राहते, आणि तेवढ्या वेळात ट्रेला चिकटते. तेव्हा लिंबाचा रस वगळू नका, फक्त त्याची वेळ बदला, म्हणजे तो भाजून झाल्यावर घाला.

आता रीत सांगतो. कोळणीकडून खवले, कल्ले आणि पोट साफ करून घ्या, पण डोके ठेवायला सांगा. कल्ले राहिले तर कडवट चव उतरते. घरी आल्यावर पोट उघडून आत पाहा. मधल्या काट्याला लागून पातळ पापुद्र्याखाली काळपट लाल रेघ दिसेल. पापुद्रा सुरीच्या टोकाने चिरून ती रेघ अंगठ्याच्या नखाने खरवडून काढा आणि गार पाण्याच्या बारीक धारेखाली धुऊन टाका. हा भाग म्हणजे माशाचे मूत्रपिंड आणि त्यात साकळलेले रक्त. माशाला उग्र वास येतो तो बहुतेक वेळा येथूनच येतो, आणि बाजारात साफ करून दिलेल्या माशातही ही रेघ हमखास राहिलेली असते. मी स्वतः कित्येक वर्षे ती न काढताच मासा भाजत होतो आणि वास झाकण्यासाठी लसूण वाढवत होतो. काढू लागल्यापासून लसणाचे प्रमाण निम्म्यावर आले.

त्यानंतर मासा आतून-बाहेरून कोरडा टिपा आणि शक्य असेल तर तासभर फ्रीजमध्ये जाळीवर, न झाकता ठेवा. फ्रीजमधली कोरडी हवा कातडी सुकवते. भाजण्यापूर्वी वीस मिनिटे तो बाहेर काढा, पाचशे ग्रॅमला सपाट एक चहाचा चमचा या हिशेबाने मीठ आत आणि बाहेर लावा, आणि भाजायला ठेवताना सुटलेले पाणी पुन्हा एकदा टिपून घ्या. पोटात लसणाच्या ठेचलेल्या दोन पाकळ्या, रोझमेरी, थाइम अशा सुगंधी हिरव्या पाल्याच्या काड्या आणि लिंबाच्या दोन पातळ चकत्या ठेवा. आपले कागदी लिंबू असेल, तर चकतीऐवजी सालीचा फक्त पिवळा भाग किसून घाला, कारण त्याची साल भाजल्यावर बरीच कडू होते. बाहेरून दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल हाताने चोळा. रोझमेरीच्या काड्या माशावर ठेवू नका. मोठ्या आंचेवर त्या काळ्या पडतात आणि जळका वास सोडतात. पोटात त्या वाफेत राहतात आणि त्यांचा सुगंध आतून मांसाला लागतो.

ओव्हन आधी पूर्ण तापला पाहिजे. घरगुती ओटीजीत वरचा आणि खालचा असे दोन्ही रॉड लावून २२० अंशांवर पंधरा मिनिटे तरी तापवा. पाचशे ग्रॅमच्या माशाला तेथून १८ ते २० मिनिटे लागतात. किलोच्या पुढचा मासा २०० अंशांवर ३० ते ३५ मिनिटे घेतो. प्रत्येक ओव्हनचा स्वभाव निराळा असतो, म्हणून शेवटचा निर्णय घड्याळावर सोडू नका. डोक्यामागच्या सर्वांत जाड भागात सुरीचे टोक काट्यापर्यंत खुपसून पाच सेकंद थांबा आणि ते खालच्या ओठाला लावून पाहा. चांगले गरम लागले, तर मासा झाला. कोमट लागले, तर आणखी तीन मिनिटे ठेवा. पाठीचा पर हलक्या हाताने ओढताच सुटून आला, तर तीही खूण पक्की. तापमापक असेल, तर ६० अंशांना मासा बाहेर काढा. पाच मिनिटे तसाच ठेवला की आतली उष्णता दोन-तीन अंशांनी चढते, आणि तेवढी पुरेशी आहे.

तुम्ही जो बटाट्यावरचा प्रकार खाल्ला, तो लिगुरिया प्रांताचा. त्यासाठी बटाट्याच्या तीन मिलिमीटरच्या चकत्या तेल-मीठ लावून आधी वीस-पंचवीस मिनिटे एकट्याच भाजतात आणि मग त्यांवर मासा ठेवतात. काळी बारीक ऑलिव्ह आणि चिलगोजे त्यावेळीच घालतात. बटाटा आणि मासा एकाच वेळी ओव्हनमध्ये गेले, तर दोघांपैकी एक हमखास बिघडतो. बटाट्याचा हा थर असला की कातडी ट्रेला चिकटण्याचा प्रश्नही उरत नाही, आणि माशाचा सुटलेला रस वाया न जाता चकत्यांत मुरतो. माझ्या मते या पदार्थातला सर्वांत चविष्ट घास तोच आहे.

प्रश्न (अलिबाग) : आमच्याकडचा जिताडा म्हणजेच सी बास, असे सगळे सांगतात. मग हॉटेलच्या मेनूवर ‘चिलियन सी बास’ असतो, तोही जिताडाच का?

उत्तर : ही तीन वेगळी माणसे एकाच आडनावाची आहेत, असे समजा. भूमध्य सागरातला मासा वेगळा. त्याला इटलीच्या उत्तरेत ब्रान्झिनो, दक्षिणेत स्पिगोला, ग्रीसमध्ये लावराकी, तुर्कस्तानात लेव्रेक आणि फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर ‘लू’ म्हणजे लांडगा म्हणतात. ग्रीक नावाच्या मुळाशीही हावरेपणाचाच अर्थ आहे. तुमचा जिताडा, म्हणजे गोव्याचा चोणक आणि ऑस्ट्रेलियाचा बॅरामंडी, हा आशियाई सी बास. तो खाडीत आणि खाजणात वाढतो, अंडी घालायला खाऱ्या पाण्याकडे जातो, आणि बहुतेक जिताडे आधी नर असतात व मोठे झाल्यावर मादी होतात. चिलियन सी बास तर या दोघांच्या जवळपासचाही नाही. तो दक्षिणेकडच्या थंड, खोल समुद्रातला ‘टूथफिश’ आहे. ते नाव ऐकून गिऱ्हाईक बिचकते, म्हणून १९७७ मध्ये ली लँट्झ या अमेरिकी मासे-व्यापाऱ्याने त्याचे हे नवे नाव ठेवले.

भाजण्यासाठी जिताडा उत्तम आहे, यात शंका नाही. त्याचे मांस जरा जाड पापुद्र्यांचे आणि भरीव असते, त्यामुळे तो थोडा जास्त वेळही सोसतो. मात्र तळ्यात वाढलेल्या जिताड्याला कधी कधी मातकट वास येतो. हा वास देणारे द्रव्य पाण्यातल्या शेवाळातून आणि सूक्ष्म जीवांतून माशात येते, कातडीत आणि तिच्यालगतच्या गडद मांसात साठते, आणि आंबटाने ते मोडते. म्हणून तळ्यातल्या माशाला दहा मिनिटे, दहाच मिनिटे, लिंबाचा रस लावून धुऊन टाका आणि मग कोरडा करा. पुण्याच्या वाचकांना दिलेल्या सल्ल्याला हा एवढा अपवाद. जिताडा नसेल त्या दिवशी तांबोशी घ्या. पापलेटही चालेल, पण ते पातळ असल्याने १२ ते १४ मिनिटांत होते.

प्रश्न (नाशिक) : रोझमेरी, थाइम, ओरेगॅनो ताजे मिळत नाही. त्याऐवजी तमालपत्र, ओवा, कोथिंबीर वापरली तर चालेल का? आले-लसूण, थोडा गरम मसाला आणि वरून किसलेले चीज घालावे, असे घरच्यांचे म्हणणे आहे.

उत्तर : तमालपत्र वापरू नका. तिकडचे ‘बे लीफ’ हे लॉरेलचे पान. त्याला मध्ये एकच शीर असते आणि वास निलगिरीच्या जवळ जाणारा. आपल्या तमालपत्राला देठापासून टोकापर्यंत जाणाऱ्या तीन शिरा असतात आणि त्याचा वास दालचिनीचा. ते पुलावात शोभते, या माशात नाही. ओव्याचे मात्र उलट आहे. थाइमला सुगंध देणारे थायमॉल हेच ओव्यातही मुख्य द्रव्य आहे, तेव्हा तेलात चिमूटभर चुरडलेला ओवा घातला तर तो परका वाटणार नाही. चिमटीहून जास्त मात्र नको. भजी करतो ते ओव्याचे जाड, लवदार पान ओरेगॅनोच्या आणखी जवळ जाते, त्याची दोन पाने पोटात ठेवा. शेपू तर मंडईत रोज मिळतो आणि ग्रीक स्वयंपाकात तो माशाबरोबर वापरतात. फ्रान्सच्या दक्षिणेत बडीशेपेच्या झाडाच्या वाळक्या काड्यांवर हा मासा भाजतात. तुम्ही अर्धा चमचा बडीशेप भरड कुटून पोटात घाला. पिझ्झाबरोबर येणाऱ्या पुडीतला ओरेगॅनो बहुतेक वेळा मीठ-मिरची मिसळलेला असतो, तो टाळा आणि निव्वळ सुका ओरेगॅनो विकत घ्या. तो सुकाच चांगला. ग्रीसमध्येही सुकाच वापरतात.

चीज आणि मसाल्याबद्दल घरच्यांना एक जुनी गोष्ट सांगा. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात सिसिलीत आर्केस्ट्रॅटस नावाचा कवी होऊन गेला. मिलेटस शहराजवळच्या याच माशाची थोरवी सांगून त्याने बजावले आहे की, हा मासा शिजत असताना सिराक्यूजच्या किंवा दक्षिण इटलीतल्या आचाऱ्याला जवळ फिरकू देऊ नका, कारण ते लोक चीज, व्हिनेगर आणि सिल्फियम नावाच्या वनस्पतीचा मसाला घालून चांगल्या माशाची माती करतात. हे सिल्फियम नामशेष झाल्यावर रोमनांनी त्याच्या जागी आपले हिंग वापरायला घेतले. गरम मसाल्याशी माझे वैर नाही. माशाच्या कालवणात मला तोच हवा असतो. पण येथे ताज्या माशाचा स्वतःचा गोडवा जपायचा आहे आणि तो इतका नाजूक असतो की लवंग-दालचिनीपुढे त्याचा मागमूसही राहत नाही. आलेही नको. लसूण पुरे. वरून घालायला तीन चमचे ऑलिव्ह तेल, एक चमचा लिंबाचा रस, चिमूटभर मीठ आणि चुरडलेला ओरेगॅनो वाटीत दाटसर होईपर्यंत फेटा. ग्रीक लोक याला ‘लादोलेमोनो’ म्हणतात. गरम माशावर ते ओतताच जो वास उठतो, तो घेऊन घरच्यांनी काय ते ठरवावे.

प्रश्न (लंडन) : येथे ग्रीस आणि तुर्कस्तानातून आलेला सी बास अख्खा मिळतो. मिठात पुरून भाजलेला मासा खारट होत नाही का? आणि पाहुण्यांसमोर काटे नीट कसे काढावेत?

उत्तर : खारट होत नाही, एक अट पाळली तर. खवले काढू नका. मीठ आत जाऊ न देण्याचे काम तेच करतात. किलोभर माशाला दीड ते दोन किलो जाडे मीठ, दोन अंड्यांच्या पांढऱ्या बलकात कालवून, वरून खालून थापा आणि २०० अंशांवर अर्धा तास भाजा. कवच फोडल्यावर कातडी खवल्यांसकट सोलून टाकायची असते. कुरकुरीत कातडी आवडत असेल, तर ही रीत तुमच्यासाठी नाही.

काटे काढणे सोपे आहे, घाई मात्र चालत नाही. ग्रीसमधल्या पिरेअस शहराच्या मिक्रोलिमानो बंदरावर एका वृद्ध वाढप्याला हे करताना मी पाहिले आणि तेथेच शिकलो. त्याने दोन चमच्यांखेरीज काही वापरले नाही. आधी पाठीचा आणि पोटाचा पर ओढून काढला. मग चमच्याच्या कडेने कल्ल्यामागे आणि शेपटीजवळ आडवी रेघ दिली, डोक्यापासून शेपटीपर्यंत मधोमध एक लांब रेघ ओढली आणि मांसाच्या दोन पट्ट्या पुस्तक उघडावे तशा दोन्ही बाजूंना सरकवल्या. उघडा पडलेला मधला काटा शेपटीकडून धरून अलगद वर उचलला, तो डोक्यासकट एका तुकड्यात निघाला. काटा असा न तुटता सुटला, तर मासा बरोबर भाजला गेला आहे. मांस धरून राहिले, तर मासा तसाच पुन्हा ओव्हनमध्ये तीन-चार मिनिटे ठेवा, पाहुणे थांबतील. पोटाजवळचे बारीक काटे बोटांनी चाचपून काढा, विशेषतः लहान मुलांच्या ताटात वाढताना. सर्वांत शेवटी त्या वाढप्याने डोळ्याखालचा गालाचा तुकडा, अंगठ्याच्या पेराहून लहान, चमच्याने काढून आमच्यातल्या सर्वांत वडील माणसाच्या ताटात ठेवला.

डोके आणि काटा टाकू नका. कांदा आणि दोन-चार मिरे घालून वीस मिनिटे मंद उकळा आणि गाळून घ्या. त्याहून जास्त उकळले, तर पाणी कडसर होते. दुसऱ्या दिवशीच्या भातासाठी ते पाणी कामी येते.