युक्रेनमध्ये युद्ध चालू असताना निवडणूक का घेत नाहीत? तिथली लोकशाही संपली का?

संपलेली नाही, पण तिच्यावर ताण आहे हे खरं. 24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियाने हल्ला केला आणि त्याच दिवशी तिथे मार्शल लॉ, म्हणजे युद्धकाळातली विशेष कायदेव्यवस्था, लागू झाला. तो असताना निवडणुकीला कायद्यानेच मनाई आहे. संसद सहसा दर 90 दिवसांनी त्याची मुदत वाढवते. त्यामुळेच राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्कींच्या कार्यकाळाची पाच वर्षं मे 2024 मध्ये भरूनही मतदान झालं नाही. (दुसऱ्या महायुद्धामुळे ब्रिटननेही 1935 नंतर थेट 1945 मध्ये सार्वत्रिक निवडणूक घेतली होती.) आणि घ्यायची तरी कशी? लाखो मतदार परदेशात, लाखो आघाडीवर, कितीतरी गावं रशियाच्या ताब्यात.

तिथला समाज मात्र गप्प बसलेला नाही. जुलै 2025 मध्ये भ्रष्टाचारविरोधी दोन संस्थांची स्वायत्तता काढणारा कायदा घाईघाईने मंजूर झाला. त्याच संध्याकाळी कीवमध्ये कॉलेजवयाची पोरं पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर हाताने घोषणा लिहून रस्त्यावर उतरली. डोक्यावर ड्रोनहल्ल्यांचं सावट असताना! नऊ दिवसांत सरकारला माघार घ्यावी लागली.

मला खरी काळजी वाटते ती सैन्यभरतीची. 2024 मध्ये भरतीचं किमान वय 27 वरून 25 वर आणलं, पण जे 2022 पासून लढताहेत त्यांना घरी कधी सोडणार, ते त्याच वर्षी आलेल्या सैन्यभरतीच्या नव्या कायद्यात लिहिलंच नाही. त्यांच्या बायका, आया हाच प्रश्न घेऊन चौकात उभ्या राहिल्या.