'स्थितिस्थापक' म्हणजे 'लवचीक' नव्हे

प्रश्न असा आहे: "पोलाद रबरापेक्षा जास्त स्थितिस्थापक असते, असे भौतिकशास्त्राच्या पुस्तकात वाचले. ही छपाईची चूक आहे का? स्थितिस्थापक म्हणजे लवचीकच ना?"

नाही. हे 'लवचीकच ना' ऐकून कान किटले आहेत. ('स्थितीस्थापक' असा दीर्घ 'ती' वाचून डोळेही. समासात आधी येणारा, मुळात ऱ्हस्व इ-उ असलेला तत्सम शब्द ऱ्हस्वच राहतो: बुद्धिवाद, स्थितिस्थापक. 'लवचीक'मधली 'ची' मात्र दीर्घ, आणि 'लवचिकता' म्हटले की पुन्हा ऱ्हस्व.)

लवचीक म्हणजे लवणारे. लवल्यावर पुढे काय होते, याची जबाबदारी तो शब्द घेत नाही. शिशाची पातळ पट्टी बोटांनी वाकवा आणि सोडा, ती वाकडीच राहील. काचेचा केसासारखा तंतू जपून वाकवा आणि सोडा, सुटताक्षणी सरळ. ठिसूळ म्हणून बदनाम झालेली काच तुटेपर्यंत जवळजवळ आदर्श स्थितिस्थापक असते, हे कोणाला सांगून पटत नाही. 'लवणे' हे माझ्या मते 'नमणे'चेच रूप. नवनीताचे लोणी झाले, निंबाचा लिंब झाला, त्याच वाटेने 'नम्'चा 'लव' झाला. म्हणजे लवलेली फांदी आणि नमस्कार ही एकाच धातूची लेकरे. (व्याकरणातल्या धातूची. पोलादाचा इथे संबंध नाही.)

आता 'स्थितिस्थापक'. हा शब्द कुठल्या तरी परिभाषा समितीने इंग्रजी शब्दासमोर बसून घडवला, असे मोठमोठे लोक ठोकून देतात. त्यांनी एकदा तर्कसंग्रह उघडावा. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या तर्कशास्त्रावरच्या या छोट्या संस्कृत पुस्तकात तो व्याख्येसकट आहे: वस्तूची अवस्था बदलली असता तिला पुन्हा पहिल्या अवस्थेत आणणारा तो स्थितिस्थापक. उदाहरण 'कटादि', म्हणजे चटई वगैरे. त्याच्या कितीतरी आधी वैशेषिक दर्शनाचा (द्रव्ये आणि गुण यांची वर्गवारी करणाऱ्या प्राचीन भारतीय तत्त्वज्ञानाचा) भाष्यकार प्रशस्तपाद याने धनुष्य, फांदी, शिंग, दात, हाड, सूत, वस्त्र अशी यादी दिली आहे, आणि अवयवांची रचना घट्ट असलेल्या द्रव्यांत हा गुण असतो, असेही म्हटले आहे. घन पदार्थांचे इतके नेमके वर्णन इतक्या जुन्या ग्रंथात सापडल्यावर कोण हुरळणार नाही?

पण खरी गंमत पुढेच. वैशेषिकांच्या मते 'संस्कार' नावाच्या गुणाचे तीन प्रकार: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. यातली भावना म्हणजे अनुभवातून आत्म्यावर उमटणारा आणि पुढे आठवण घडवणारा ठसा. थोडक्यात, स्मरण आणि धनुष्याचे सरळ होणे ही सख्खी भावंडे! वाकलेल्या वस्तूला आपला आकार 'आठवतो', ही कल्पना याच वर्गीकरणात दडलेली आहे, असे माझे ठाम मत आहे. टीकाकारांनी ते शब्दांत मांडले नाही, तो त्यांचा दोष. नितिनॉल ही निकेल आणि टायटॅनियमची मिश्रधातू वाकवून नंतर तापवली की मूळ आकारात परतते. तिला आज 'आकारस्मृती' असलेली धातू म्हणतात. प्रशस्तपादाला हे नाव मुळीच खटकले नसते.

इंग्रजीतला 'इलॅस्टिक' तपासा. त्याच्या मुळाशी असलेल्या ग्रीक क्रियापदाचा अर्थ हाकणे, ठोकून पसरवणे. म्हणजे तो शब्द खरे तर वर्धनीयतेचा! रॉबर्ट हुकने 1678 साली स्प्रिंगवरच्या ग्रंथाला लॅटिन नाव दिले तेव्हा 'दे पोटेन्शिया रेस्टिट्युटिवा', म्हणजे पूर्ववत करणारी शक्ती, असे दिले. हा आपल्या शब्दाचा जुळा भाऊ. इतका चपखल शब्द घरात असताना हिंदीतली 'प्रत्यास्थता' उसनी आणण्याचा आग्रह धरणाऱ्यांना काय म्हणावे?

पोलादाचे म्हणाल तर छपाई ठीक आहे, वाक्य ढिसाळ आहे. पुस्तक तिथे यंग गुणांक मोजते. पोलादाचा सुमारे 200 गिगापास्कल, रबराचा त्याच्या हजारो पटींनी कमी. म्हणजे तेवढेच लांबवायला पोलादाला कितीतरी जास्त जोर लागतो. पण हा झाला ताठरपणा. परतण्याचा पल्ला पाहिला तर रबर कित्येक पट ताणूनही परत येते. साधे पोलाद हजारात एक-दोन भाग लांबले की त्याच्या पुढचे लांबणे कायमचे. उलट रबर परत येताना ताणायला लागलेल्या ऊर्जेचा काही भाग उष्णतेत घालवते, पोलाद फारच थोडा. एकाच शब्दावर तीन मापे लादली की असले प्रश्न येणारच.

अर्थशास्त्रवाले 'मागणीची लवचिकता' म्हणतात ते मात्र मला मान्य आहे. किमतीने वाकलेली मागणी आपोआप जागेवर येईल, असे वचन त्यात कोणी दिलेले नाही.