मरणाआधी कळतं का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : नोकरीतून मोकळा झालो, माळ घातली, वारी चालू आहे. पण मी कोण, कशासाठी आलो आणि पुढं काय, याचा उलगडा झालेला नाही. मरणाआधी हे कळतं का? की डोळे मिटल्यावरच कळायचं?
– एक निवृत्त शिक्षक, परभणी

उत्तर : सर, तुमच्या पत्रात तीन प्रश्न एकत्र आले आहेत. ते आधी सुटे करायला हवेत. 'पुढं काय' याचा तपासून पाहता येईल असा पुरावा आज कुणाच्याही हातात नाही. जो तो आपापल्या श्रद्धेनं त्याचं उत्तर देतो, आणि ते श्रद्धा म्हणूनच घ्यावं. 'कशासाठी आलो' हे कुठं लिहून ठेवलेलं सापडत नाही, ते बरंचसं आपण कसं जगतो त्यावर ठरतं. 'मी कोण' हा प्रश्न मात्र आज, या घटकेला तपासता येतो, कारण ज्याच्याबद्दल विचारायचं तो इथंच बसलेला आहे. आमचं स्पष्ट मत असं की सगळा जोर 'मी कोण' याच प्रश्नावर लावावा.

मेल्यावर आपोआप कळेल, हा समज लोकांत फार पसरला आहे, पण आपल्या परंपरेत त्याला आधार सापडत नाही. कठोपनिषदात नचिकेत खुद्द यमाला विचारतो, की माणूस गेल्यावर उरतो की नाही. यम आधी टाळाटाळ करतो, देवांनाही इथं शंका होती म्हणतो, हत्ती-घोडे, सोनं, दीर्घायुष्य देऊ करतो. पुढं त्याच उपनिषदात 'इह चेदशकद् बोद्धुं प्राक् शरीरस्य विस्रसः' असं येतं, म्हणजे शरीर गळून पडण्याआधी इथंच जाणता आलं तर. नाही आलं तर पुन्हा देह. नुसत्या मरणानं कुणी शहाणा होतो असं तिथं कुठंही म्हटलेलं नाही. गोदाकाठच्या आपेगावच्या ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवातलं नववं प्रकरण जिवंतपणीच मुक्त असलेल्याच्या स्थितीला दिलं. खुलताबादच्या दर्ग्यांमधून ज्या सूफी परंपरेचा वारसा चालत आला, तीही 'मरण्याआधी मरा' असंच सांगते.

मग वारी करूनही का कळत नाही? तेरला गोरोबाकाकांची कथा सांगतात. संतमंडळी जमली होती, काकांनी थापटण्यानं एकेकाचं डोकं थोपटलं आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं. नामदेवांची भक्ती तर अफाट होती. ते औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले, तर विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवांनी हरकत घेतली. विसोबा म्हणाले, 'जिथं पिंड नाही तिथं माझे पाय उचलून ठेव.' अशी जागा सापडेना. कथेचं मर्म आमच्या मते असं, की नामदेवांना नवी माहिती काहीच मिळाली नाही. देव ठरावीक जागी आहे ही धरलेली समजूत तेवढी सुटली.

आता करायचं काय? रोज वीस मिनिटं पुरेत. पहाटे किंवा संध्याकाळी जेवणाआधी सतरंजीवर बसा. गुडघे दुखत असतील तर खुर्ची चालेल, पाठ ताठ हवी. पहिली पाच मिनिटं नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास नुसता जाणा, लांबवू नका. मग जे जे जाणवतं ते एकेक करून टिपा. बाहेर बस गेली, तो आवाज कळला. कंबर अवघडली, तेही कळलं. मुलाचा फोन आला नाही हा विचार उठला, तोही कळला. जे कळतं ते मी असू शकत नाही, मग हे कळतंय कुणाला? एवढंच विचारा आणि उत्तर शब्दांत देऊ नका.

इथं बहुतेकांची चूक ठरलेली असते. वर्षानुवर्षं कीर्तन ऐकलेलं असतं, त्यामुळं 'मी आत्मा आहे' हे तयार उत्तर लगेच जिभेवर येतं आणि शोध तिथंच थांबतो. ते वाक्यही एक विचारच आहे, त्यालाही 'कळलं' म्हणून बाजूला ठेवा. दुसरी चूक म्हणजे जेवून बसणं. डुलकी लागते आणि तिलाच समाधी समजलं जातं. उजेड दिसणं, अंग हलकं होणं हेही येतं आणि जातं, त्याची चर्चा करू नये. आणि जर सगळं खोटं, परकं वाटायला लागलं, झोप उडाली, तर बसणं लगेच थांबवा, पोटभर जेवा, चार माणसांत जा. आठवड्याभरात फरक पडला नाही तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा, त्यात कमीपणा कसला?

प्रश्न : आमच्या औंढ्याला लायगो होणार आहे. विश्वाचं गूढ त्यातून उकलेल का? माझ्या हयातीत?
– बी. एस्सी.चा विद्यार्थी, हिंगोली

उत्तर : काही गूढं नक्की उकलतील, आणि तू तरुण आहेस. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं सुमारे २६०० कोटींच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. लायगो म्हणजे गुरुत्वीय लहरी, अवकाशातच उठणारे सूक्ष्म तरंग, पकडणारं यंत्र. काटकोनात दोन भुजा, प्रत्येक चार किलोमीटरची, आत निर्वात नळी, टोकाला आरसे. लेसरचा झोत दोन्हीकडे जाऊन परत येतो. गुरुत्वीय लहर गेली की एक भुजा किंचित लांबते, दुसरी किंचित आखडते. हा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असू शकतो. अमेरिकेतल्या दोन यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी अशी पहिली लहर पकडली. ती दोन कृष्णविवरांच्या मिलनातून निघाली होती, सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरून. वेगळ्या खंडात, दूरवर आणखी एक यंत्र असलं की लहर आकाशात नेमकी कुठून आली हे ठरवणं सोपं जातं. औंढ्याचा मोठा उपयोग तिथंच आहे.

एका आयुष्यात किती उकलतं ते पाहा. १९०० साली जन्मलेल्या माणसाच्या लहानपणी सूर्य कशावर जळतो हे कुणालाच माहीत नव्हतं. त्याच्या चाळिशीआधी ते कळलं. १९५३ मध्ये डीएनएची रचना कळली, आणि तो पासष्टचा होईतो विश्वाच्या बालपणातून उरलेली ऊबही पकडली गेली. आज विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं आहे हे आपण बऱ्याच नेमकेपणानं सांगतो. पण ज्या पदार्थाची आपण सारे बनलो आहोत तो विश्वाच्या जेमतेम पाच टक्के आहे. उरलेल्याला कृष्णपदार्थ आणि कृष्णऊर्जा अशी नावं तेवढी दिली आहेत.

मेंदूच्या बाबतीत घाई करू नकोस. मेंदूतल्या पेशींच्या हालचालीतून जाणीव कशी उमटते हे पंचवीस वर्षांत कळेल, अशी पैज क्रिस्टोफ कॉख या मेंदूशास्त्रज्ञानं १९९८ मध्ये तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्स यांच्याशी लावली होती. २०२३ मध्ये कॉख यांनी हार मानली आणि वाइनच्या बाटल्या देऊ केल्या. आणि काहीच नसण्याऐवजी हे सगळं का आहे, हे लायगो सांगणार नाही, ते त्याचं काम नाही.

प्रश्न : ज्ञानेश्वरीची पारायणं करते, पण डोक्यात काही राहत नाही. कुठून सुरुवात करू? मुकुंदराजांचा विवेकसिंधू झेपेल का?
– गृहिणी, अंबाजोगाई

उत्तर : ताई, पारायण आणि अभ्यास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या घरात. सप्ताहात सात दिवसांत पूर्ण करायच्या तर रोज तेराशेच्या आसपास होतात. त्या गतीत नाद मिळतो, संगत मिळते, अर्थाला थांबायला वेळ मिळत नाही. पारायण सोडू नका, पण शेजारी दुसरी वही उघडा. बाराव्या अध्यायापासून सुरू करा. अडीचशेच्या आत ओव्या आहेत, रोज पाच घेतल्या तर पन्नास दिवसांत होतो. पहिल्यांदा ओवी मोठ्यानं म्हणा. नंतर अडलेले शब्द सार्थ प्रतीतून पाहा. मग पुस्तक मिटून आपल्या घरच्या भाषेत एका ओळीत अर्थ लिहा. ही शेवटची पायरी लोक गाळतात, आणि म्हणूनच डोक्यात काही राहत नाही. मरणाविषयीच विचारायचं असेल तर पुढं आठवा अध्याय घ्या, त्यात प्रयाणकाळाचा विचार आहे.

विवेकसिंधू तुमच्या गावचाच मानतात. मुकुंदराजांची समाधी तुमच्याकडे आहे आणि परंपरा ग्रंथाचा काळ शके १११० सांगते. गुरु-शिष्यांच्या संवादाचा ग्रंथ आहे, झेपेल. अडचण पंचीकरणाशी, म्हणजे पाच भूतं एकमेकांत कशी मिसळतात त्या हिशेबाशी येते, म्हणून ते कागदावर मांडून घ्या. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश ही पाच भूतं. प्रत्येक स्थूल भूतात निम्मा भाग स्वतःचा आणि उरलेल्या चौघांचा प्रत्येकी एक-अष्टमांश. म्हणजे मातीतही अर्धी पृथ्वी आणि अर्ध्यात बाकीचे चार. हे रसायनशास्त्र म्हणून वाचू नका. देहातलं सगळं पाच भूतांत वाटून टाकल्यावर 'माझं' म्हणायला काय उरतं, हे दाखवण्यासाठी तो हिशेब आहे. अमृतानुभव मात्र आत्ता नको. त्यात अज्ञान खोडून झाल्यावर पुढच्या प्रकरणात ज्ञानही खोडलं आहे. आधीचा पाया नसेल तर वाचणारा गोंधळतो.

प्रश्न : बुद्धांनी असल्या प्रश्नांची उत्तरंच दिली नाहीत म्हणतात. मग काय समजायचं?
– छत्रपती संभाजीनगर

उत्तर : मालुंक्यपुत्त या शिष्यानं बुद्धांना जग शाश्वत आहे का, जीव आणि शरीर एकच का, मृत्यूनंतर तथागत (बुद्ध) असतात का, असे दहा प्रश्न विचारले होते. विषारी बाण लागलेला माणूस बाण मारणाऱ्याची जात-गाव विचारत बसला तर मरेल, असं बुद्धांनी सांगितलं, आणि दुःख, त्याचं कारण, त्याचा निरोध आणि त्याचा मार्ग एवढंच मी शिकवतो म्हणाले. मृत्यूपूर्वीच उलगडा करण्यासारखं त्यांनी हे मानलं आणि त्याची रीत दिली. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात पहिले तीन दिवस फक्त श्वास पाहायचा असतो, चौथ्या दिवशी शरीरावरच्या संवेदनांकडे वळतात, मौन दहाव्या दिवशी सुटतं. शुल्क नसतं. गंभीर मानसिक आजार असेल तर तो अर्जात लपवू नये.

अजिंठ्याला गेलात तर सव्वीस नंबरच्या लेण्यात डाव्या भिंतीपाशी थांबा. सुमारे सात मीटर लांब बुद्ध उजव्या कुशीवर निजलेले आहेत, हात उशाशी. खाली शिष्य शोकात बसलेत, वर आकाशात देव आनंदात आहेत. एकाच घटनेकडे पाहणारे हे दोन थर शिल्पकारानं मुद्दाम कोरले, आणि मधला चेहरा दोघांहून वेगळा, शांत ठेवला.

प्रश्न : मरून परत आलेली माणसं प्रकाश, बोगदा सांगतात. हा पुरावा नाही का?
– नांदेड

उत्तर : अनुभव खरा आहे, त्याचा अर्थ मात्र ठरलेला नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हृदय बंद पडण्याच्या २०६० घटना घेतल्या होत्या. ३३० जण वाचले, सविस्तर मुलाखत १०१ जणांची पूर्ण झाली, त्यांतल्या ९ टक्क्यांना असे अनुभव आले होते. देहाबाहेरून दिसतं का हे तपासायला छताजवळ फळ्यांवर चित्रं ठेवली होती. ती पाहिल्याचं कुणी सांगितलं नाही, पण बऱ्याच घटना फळ्या नसलेल्या जागी घडल्या. शिवाय परत आलेल्याचा मेंदू पुन्हा चालू होण्याजोगा होता. त्यामुळं त्याची साक्ष मरणाच्या उंबरठ्यापर्यंतचीच धरावी लागते.

प्रश्न : वडिलांचा कर्करोग शेवटच्या टप्प्यात आहे. सारखं विचारतात, 'मी कुठं जाणार? माझं काय राहून गेलं?' काय सांगू? आणि शेवटी तोंडात गंगाजल घालायचं का?
– लातूरची एक मुलगी

उत्तर : ताई, उत्तर द्यायची घाई करू नका. 'तुम्हाला काय वाटतं?' असं विचारा आणि त्यांना बोलू द्या. 'कुठं जाणार' याच्या खाली पुष्कळदा जमिनीची वाटणी, अबोला धरलेला भाऊ, कुणाचे द्यायचे पैसे असं काहीतरी दडलेलं असतं. ते वहीत लिहून घ्या आणि रोज एकेक मार्गी लावा. त्या भावाला फोन आजच करा.

त्याआधी वेदना थांबायला हव्यात, कळा येत असताना कुणाला कसला विचार सुचत नाही. डॉक्टरांनी मॉर्फिन दिलं तर घाबरू नका. पहिले दोन-तीन दिवस गुंगी राहते, पुढं बहुधा कमी होते. बद्धकोष्ठ जवळजवळ ठरलेलं, म्हणून पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासूनच मागून घ्या. वाचायचं तर त्यांना पाठ असलेलेच अभंग, दहा मिनिटं. या वेळी नवा ग्रंथ काढू नका.

शेवटच्या दिवसांत जेवण सुटतं, हातपाय गार पडतात, श्वासात खंड पडतो, घशात घरघर लागते. कुशीवर वळवलं की घरघर कमी होते. ऐकणाऱ्याला ती जितकी सोसवत नाही तितका त्रास रोग्याला बहुधा होत नसतो. गिळणं बंद झालं की पाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं आणि गुदमरायला होतं. गंगाजलात कापूस भिजवून ओठांवर फिरवा, तुळशीचं पान ओठांना लावा. विधी तेवढ्यानं होतो. प्रतिसाद थांबल्यावरही काही रोग्यांचा मेंदू आवाज टिपत असतो, असं २०२० मध्ये कॅनडात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. तेव्हा खोलीत वाटणीची किंवा अंत्यविधीची बोलणी करू देऊ नका, आणि जे सांगायचं ते कानाशी सांगत राहा. काहींना अचानक काही तास लख्ख शुद्ध येते, ओळखतात, खायला मागतात. विझताना ज्योत मोठी होते म्हणतात ते हेच. बरे होताहेत समजून औषधं बंद करू नका. ज्यांना भेटायचं राहिलंय त्यांना त्याच दिवशी बोलवा.