‘झाइट’ आलं की पेर्फेक्ट का चालत नाही?

तुम्ही विचारलंय, ‘मी दोन वर्षांपासून जर्मन शिकतोय’ याचं ‘इश हाबे झाइट त्स्वाइ यारेन डॉइच गेलेर्न्ट’ केलं तर शिक्षकांनी चूक का दिली, आणि मग ‘काल’बरोबर पेर्फेक्ट (‘हाबेन’ किंवा ‘झाइन’ हे साहाय्यक क्रियापद लावून होणारा जर्मन भूतकाळ) कसा चालतो.

चूक बरोबर दिली आहे. मराठीतून निघून इंग्रजीच्या वळणाने जर्मनला गेलं की हे होतं. तुमचंच वाक्य परत वाचा: ‘शिकतोय’. तो वर्तमानकाळ आहे आणि जर्मनलाही तोच हवा: ‘इश लेर्ने झाइट त्स्वाइ यारेन डॉइच’. गोष्ट अजून चालू आहे ना, मग वर्तमानकाळ. शिकवताना मी याच्या खाली फळ्यावर दुसरं वाक्य लिहिते: ‘फोर त्स्वाइ यारेन हाबे इश आनगेफांगेन’, दोन वर्षांपूर्वी सुरुवात केली. सुरुवात करून झाली, म्हणून पेर्फेक्ट. ‘झाइट’ म्हणजे पासून, ‘फोर’ म्हणजे पूर्वी. एवढं पक्कं झालं की निम्मा गोंधळ मिटतो.

नकारात मात्र झाइटबरोबरही पेर्फेक्ट येतो: ‘इश हाबे ईन झाइट त्स्वाइ यारेन निश्ट गेझेएन’. आपणही म्हणतोच की, दोन वर्षांत त्याला पाहिलं नाही.

‘काल’चं म्हणाल तर इथे मराठी कान फसवतो. ‘मी काल गेलो आहे’ आपल्याला खटकतं, पण ‘इश बिन गेस्टर्न नाख बर्लिन गेफारेन’ अगदी रोजचं जर्मन आहे. त्यातल्या ‘बिन’चा अर्थ ‘आहे’ असा लावू नका. बोलताना ‘गेलो’ म्हणायची तीच पद्धत आहे.

पेर्फेक्टला हाबेन (हाबे, हाट) लावायचं की झाइन (बिन, इस्ट), यासाठी मराठी वाक्य ‘तो’ घेऊन म्हणून पाहा. ‘त्याने’ आलं तर जवळजवळ नेहमीच हाबेन: त्याने पाहिलं, ‘एअर हाट गेझेएन’. नुसतं ‘तो’ आलं तर थांबून विचार करा, कारण ‘तो शिकला’, ‘तो हसला’ यांनाही हाबेनच लागतं. जागा बदलली किंवा स्थिती बदलली तर झाइन. मला यातली झोपेची जोडी फार आवडते: डोळा लागला, ‘एअर इस्ट आइनगेश्लाफेन’, रात्रभर झोपला, ‘एअर हाट गेश्लाफेन’. ब्लाइबेन, म्हणजे राहणं, थांबणं, यात काहीच बदलत नाही, तरी ते झाइन घेतं. ते पाठच करा. आणि बायर्न (बव्हेरिया) किंवा ऑस्ट्रियात कुणी ‘इश बिन गेझेसेन’, मी बसलो होतो, असं म्हणालं तर दुरुस्त करू नका. बसणं, उभं राहणं, पडून असणं यांना तिकडे झाइनच लावतात.